पावसाच्या रोजच्या नोंदींचा आलेख ग्नूप्लॉटवर: आज्ञा, अडचणी, उपाय

पर्जन्यनोंद (धागाकर्ता)

जून ते सप्टेंबर म्हणजे १२२ दिवस, रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक वाचायचा आणि आकडा वहीत लिहायचा. हंगाम संपला की त्याचा आलेख हवा असतो. एक्सेलमध्ये तो निघतो, पण पुढच्या वर्षी सगळं पुन्हा माउसने करावं लागतं. ग्नूप्लॉट या आज्ञांवरून आलेख काढणाऱ्या प्रोग्राममध्ये आज्ञांची एक फाइल (स्क्रिप्ट) एकदा लिहिली की दरवर्षी फक्त आकड्यांची फाइल बदलायची. आलेख कुणी कसा काढला, हेही त्या फाइलमध्ये उघड दिसतं.

ग्नूप्लॉट १९८६ पासूनचं आहे. थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी ते सुरू केलं. नावात 'ग्नू' असलं तरी मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाशी त्याचा संबंध नाही. सध्या सहावी आवृत्ती चालू आहे. या धाग्यातलं जवळजवळ सगळं ५.४ वरही चालतं.

या धाग्यात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत द्यायच्या. आकडेही इंग्रजीच टंकायचे. अवतरणातली मराठी नावं आणि मथळे मात्र जसेच्या तसे; फॉन्टची आणि रंगांची नावं, एनएएन, तारखेचा साचा आणि फाइलच्या नावाचा शेवट (सीएसव्ही, पीएनजी) रोमनच.

आकड्यांची फाइल, पाऊस.सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल):

तारीख,मिमी,दिवस
०१-०६-२०२४,०,१
०२-०६-२०२४,१२.४,१
०३-०६-२०२४,एनएएन,१
०५-०६-२०२४,४६,२

(आकडे नमुन्याचे आहेत.) तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. वाचन किती दिवसांचं, ते त्यात लिहायचं. ४ तारखेला मापक वाचला नाही आणि ५ ला दोन दिवसांचं पाणी एकत्र मोजलं, तर ५ तारखेपुढे २. मापक सांडला किंवा वाचन हरवलं, तर मिलिमीटरच्या जागी एनएएन, म्हणजे 'संख्या नाही' यासाठीची तीन रोमन अक्षरं: मोठा एन, छोटा ए, मोठा एन.

आज्ञांची फाइल:

सेट एन्कोडिंग यूटीएफ८
सेट टर्मिनल पीएनजीकैरो साइज १२००,७०० फॉन्ट "नोटो सान्स देवनागरी,१४"
सेट आउटपुट "पाऊस.पीएनजी"
सेट डेटाफाइल सेपरेटर कॉमा
सेट एक्सडेटा टाइम
सेट टाइमएफएमटी "%डी-%एम-%वाय"
सेट एक्सरेंज ["३१-०५-२०२४":"०१-१०-२०२४"]
सेट वायरेंज [०:*]
सेट स्टाइल फिल सॉलिड ०.७ नोबॉर्डर
सेट बॉक्सविड्थ ८६४००*०.८
सेट वायलेबल "पाऊस (मिमी)"
प्लॉट "पाऊस.सीएसव्ही" स्किप १ युझिंग १:२ विथ बॉक्सेस नोटायटल
अनसेट आउटपुट

टाइमएफएमटीमधला वाय मोठ्या लिपीतला. मोठा वाय म्हणजे चार अंकी वर्ष, छोटा म्हणजे दोन अंकी. एमचं उलट आहे: छोटा एम महिना, मोठा एम मिनिटं. इथे चूक झाली की 'स्किपिंग डेटा फाइल विथ नो व्हॅलिड पॉइंट्स' असा इशारा येतो आणि आलेख निघत नाही. दोष फाइलमध्ये नसतो, तारखेच्या साच्यात असतो.

बॉक्सविड्थमध्ये ८६४०० कशासाठी? काळाच्या अक्षावर ग्नूप्लॉटचं एकक सेकंद आहे. तिथे नुसतं ०.८ लिहिलं तर स्तंभ पाऊण सेकंद रुंद होतो आणि केसासारखी रेघ दिसते.

ही सुरुवात झाली. दोन दिवसांचं एकत्र वाचन आणि हरवलेलं वाचन हे दोन्ही या आलेखात नीट येत नाहीत. त्यावर जाणकारांनी लिहावं.

---

काळीखिडकी

आधी बसवण्याबद्दल. डेबियन, उबुंटूवर तीन पॅकेजेस आहेत. ग्नूप्लॉट-क्यूटीमध्ये खिडकीत आलेख दिसतो आणि माउसने मोठा करता येतो. ग्नूप्लॉट-एक्स११ जुन्या धर्तीचं आहे. ग्नूप्लॉट-नॉक्समध्ये खिडकी नाही, फक्त फाइल निघते. सर्व्हरवर नॉक्स पुरेसं आहे. मॅकवर होमब्रूने बसतं. विंडोजवर अधिकृत इन्स्टॉलर सोर्सफोर्जवर मिळतो.

कुठली आवृत्ती आली ते संगणकाच्या आज्ञाखिडकीत ग्नूप्लॉट --व्हर्जन लिहून पाहा. ग्नूप्लॉटमध्ये 'टर्मिनल' म्हणजे आलेख कुठल्या रूपात काढायचा तो प्रकार. कुठले टर्मिनल उपलब्ध आहेत ते ग्नूप्लॉटच्या आत नुसतं 'सेट टर्मिनल' लिहून एंटर दाबलं की यादीत दिसतं. यादीत पीएनजीकैरो हवं.

मराठी अक्षरांसाठी हे फार महत्त्वाचं. नुसतं 'पीएनजी' टर्मिनल चित्र काढणाऱ्या वेगळ्या लायब्ररीवर चालतं. तिथे जोडाक्षरं बहुधा सुटी पडतात आणि वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. पीएनजीकैरो, पीडीएफकैरो आणि क्यूटी यांत अक्षरजुळणी व्यवस्थित होते. आलेखावर 'मिमी' ऐवजी वेलांट्या आणि चौकोन दिसले, तर आधी टर्मिनल तपासा आणि मग फॉन्ट.

फॉन्ट संगणकावर आहे का, ते पाहायला:

एफसी-लिस्ट :लँग=एमआर

यात मराठी लिहू शकणारे फॉन्ट येतात. यादी रिकामी असेल तर नोटो किंवा लोहित देवनागरी बसवा. विंडोजवर निर्मला यूआय असतोच. फॉन्टचं नाव यादीत जसं आहे तसंच द्या. नाव चुकलं तर ग्नूप्लॉट तक्रार करत नाही, गुपचूप दुसरा फॉन्ट उचलतो.

खिडकी नसलेल्या सर्व्हरवर पटकन डोळा टाकायचा असेल तर 'सेट टर्मिनल डंब'. आज्ञाखिडकीतच तारे आणि आडव्या रेघांनी आलेख निघतो. तारखा बरोबर वाचल्या गेल्या की नाही, एवढं तपासायला तो उत्तम.

आणखी एक. अनसेट आउटपुट ही शेवटची ओळ अनेक जण गाळतात. आज्ञांची फाइल चालवताना फरक पडत नाही, कारण बाहेर पडताना चित्र बंद होतं. पण ग्नूप्लॉटच्या आत बसून आज्ञा देत असाल, तर ही ओळ दिल्याशिवाय पीएनजी फाइल शून्य बाइटची किंवा अर्धवट दिसू शकते.

---

सेकंदकाटा

पर्जन्यनोंद, तुमच्या आलेखात सगळे स्तंभ साडेतीन तास पुढे सरकलेले आहेत. दिसायला किरकोळ आहे, पण वादळाच्या दिवशी तेच महत्त्वाचं ठरतं.

५ तारखेला सकाळी साडेआठला वाचलेला आकडा म्हणजे ४ च्या साडेआठपासून ५ च्या साडेआठपर्यंतचा पाऊस. हवामान विभागाची पद्धतही हीच आहे. ग्नूप्लॉट '०५-०६-२०२४' ही तारीख ५ च्या मध्यरात्री ००:०० अशी वाचतो आणि स्तंभाचा मध्य तिथे ठेवतो. म्हणजे ०.८ दिवस रुंदीचा स्तंभ ४ च्या दुपारी सुमारे अडीचपासून ५ च्या सकाळी सुमारे साडेनऊपर्यंत पसरतो. खरा मध्य ४ च्या रात्री साडेआठला हवा, म्हणजे साडेतीन तास मागे, १२६०० सेकंद.

वाचन जितक्या दिवसांचं, तितका स्तंभ रुंद आणि तितका आणखी मागे. सर्वसाधारण सूत्र: मध्य = तारीख + ३०६०० − ४३२०० × दिवस. (३०६०० म्हणजे साडेआठ तास, ४३२०० म्हणजे अर्धा दिवस.) एक दिवस धरला की −१२६०० येतं. दोन दिवसांना −५५८००, म्हणजे आदल्या दिवशीच्या सकाळचे साडेआठ. ४८ तासांचा मध्य तोच.

बॉक्सेसना तिसरा रकाना दिला की तो रुंदी म्हणून वापरला जातो:

प्लॉट "पाऊस.सीएसव्ही" स्किप १ युझिंग (टाइमकॉलम(१)+३०६००-४३२००*$३):($२/$३):(८६४००*$३) विथ बॉक्सेस नोटायटल

४६ मिमी दोन दिवसांचे असतील तर २३ उंचीचा, दोन दिवस रुंद स्तंभ येईल. क्षेत्रफळ ४६ च राहतं. पाऊस कुठल्या दिवशी किती पडला ते माहीत नाही, एवढंच तो स्तंभ सांगतो आणि ते खरं आहे. ५ तारखेवर ४६ चा सुळका काढणं चुकीचं, आणि ४ तारखेला शून्य दाखवणं त्याहून चुकीचं.

टाइमकॉलम ऐवजी नुसतं $१ लिहू नका. $१ म्हणजे पहिल्या रकान्यातली संख्या, आणि '०५-०६-२०२४' मधून ग्नूप्लॉट फक्त ५ घेतो. मग सगळा पाऊस १ जानेवारी १९७० च्या पहिल्या मिनिटात पडतो.

स्वयंचलित केंद्राच्या फाइलमध्ये वेळ युनिक्स सेकंदांत (१९७० च्या सुरुवातीपासून मोजलेल्या) असेल, तर ती जागतिक प्रमाणवेळ असते आणि ग्नूप्लॉट ती तशीच दाखवतो. भारतीय वेळेसाठी ($१+१९८००) लिहावं, साडेपाच तासांचे सेकंद. जुन्या ४.६ च्या स्क्रिप्ट उचलताना जपा. तिथे काळ २००० सालापासून मोजला जायचा, ५.० पासून १९७० पासून मोजतात. जुन्या स्क्रिप्टमध्ये ९४६६८४८०० हा आकडा वजा केलेला दिसला, तर ती वजाबाकी काढून टाका.

---

उत्तरा_नक्षत्र

सेकंदकाटा यांचं सूत्र फार कामाचं आहे. हरवलेल्या वाचनाचा प्रश्न मात्र उरतोच. स्तंभालेखात शून्य पाऊस आणि नोंदच नाही हे दोन्ही अगदी सारखे दिसतात: रिकामी जागा. वाचणारा ती कोरडा दिवस म्हणूनच वाचणार.

म्हणून नोंद नसलेले दिवस करड्या पट्ट्याने उभे दाखवावेत. पट्टा आधी काढायचा, स्तंभ नंतर. प्लॉटमध्ये ज्या क्रमाने लिहाल त्या क्रमाने रंग एकावर एक चढतात.

प्लॉट "पाऊस.सीएसव्ही" स्किप १ युझिंग (टाइमकॉलम(१)+३०६००-४३२००*$३):(एसटीआरकॉल(२) ईक्यू "एनएएन" ? २५० : १/०):(८६४००*$३) विथ बॉक्सेस एलसी आरजीबी "ग्रे८०" टायटल "नोंद नाही", \

आणि पुढच्या ओळीवर सेकंदकाटांचा स्तंभ. २५० च्या जागी तुमच्या उभ्या अक्षाची वरची मर्यादा घाला, आणि वायरेंजही [०:२५०] असा पक्का करा. नाहीतर पट्टा अक्षाला वर ढकलतो.

एसटीआरकॉल रकान्यातला मजकूर जसा आहे तसा तपासतं. स्वल्पविरामानंतर चुकून जागा पडली तर तुलना फसू शकते. फाइलमध्ये जागा ठेवू नका. ओळ तोडण्यासाठी शेवटी जी तिरकी रेघ आहे, तिच्यानंतरही जागा नको. डोळ्यांना न दिसणारी ती एक जागा पुढची ओळ तोडते.

पावसाचे वर्ग दाखवायचे असतील तर हवामान विभागाच्या मर्यादा अशा: ६४.५ ते ११५.५ मिमी जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार, २०४.५ पासून पुढे अत्यंत जोरदार. २.५ मिमी किंवा जास्त पडला तर तो 'पावसाचा दिवस'. आडव्या रेघा मारायला:

सेट अ‍ॅरो फ्रॉम ग्राफ ०, फर्स्ट ६४.५ टू ग्राफ १, फर्स्ट ६४.५ नोहेड डीटी २

'ग्राफ ०' ते 'ग्राफ १' म्हणजे चौकटीच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत. 'फर्स्ट' म्हणजे उभ्या अक्षावरचं मोल. 'डीटी' म्हणजे तुटक रेघेचा प्रकार. अशाच तीन ओळी.

स्तंभांना वर्गाप्रमाणे रंगही देता येतो. चौथ्या रकान्यात रेघेच्या प्रकाराचा क्रमांक आणि शेवटी 'एलसी व्हेरिएबल'. पण दोन दिवसांचं एकत्र वाचन वर्गात बसवू नका. ४८ तासांत १२० मिमी म्हणजे रोज ६० असेल किंवा एकाच रात्री ११० असेल, आणि या दोन गोष्टींत फार अंतर आहे. असे स्तंभ वेगळ्या फिकट रंगात ठेवा. सूत्रात अट सोपी आहे: $३>१ असेल तर फिकट रंगाचा क्रमांक.

पावसाचे दिवस मोजायचे असतील तर:

सेट एक्सडेटा
स्टॅट्स "पाऊस.सीएसव्ही" स्किप १ युझिंग ($२>=२.५ && $३==१ ? १ : ०) नोआउटपुट
प्रिंट स्टॅट्स_सम

पहिली ओळ काळाचा अक्ष रद्द करते. काळाचा अक्ष चालू असताना स्टॅट्स आज्ञा चालायला नकार देते. तिसऱ्या ओळीतलं नाव ग्नूप्लॉटमध्ये स्टॅट्सपर्यंत मोठ्या लिपीत आणि सम छोट्या लिपीत आहे.

---

दलघमी

धरणसाठ्याबद्दल लिहितो. महाराष्ट्रात हे दोन आलेख नेहमी एकत्र हवे असतात.

एककाचा घोळ आधी मिटवा. वर्तमानपत्रात टीएमसी (अब्ज घनफूट), खात्याच्या तक्त्यात दशलक्ष घनमीटर (दलघमी). १ टीएमसी म्हणजे २८.३१७ दलघमी. कोयना धरणाची एकूण क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे सुमारे २९८० दलघमी. रूपांतर आज्ञेतच करा, ($२/२८.३१७). मूळ फाइलमधले आकडे बदलू नका. सहा महिन्यांनी फाइल उघडल्यावर कुठला रकाना कशात आहे हे कुणालाच आठवत नाही.

पाऊस आणि साठा एका चित्रात घेताना जलशास्त्रातली जुनी रीत सर्वांत चांगली: साठ्याची रेघ खालून वर, पावसाचे स्तंभ वरून खाली लोंबते.

सेट वायटिक्स नोमिरर
सेट वाय२टिक्स
सेट वायरेंज [०:११०]
सेट वाय२रेंज [६००:०]
प्लॉट "पाऊस.सीएसव्ही" स्किप १ युझिंग (टाइमकॉलम(१)+३०६००-४३२००*$३):($२/$३):(८६४००*$३) अ‍ॅक्सेस एक्स१वाय२ विथ बॉक्सेस टायटल "पाऊस", "साठा.सीएसव्ही" स्किप १ युझिंग १:२ विथ लाइन्स एलडब्ल्यू ३ टायटल "साठा (टीएमसी)"

वाय२रेंज उलटी लिहिली की अक्ष उलटतो. स्तंभ शून्यापासून निघतात, आणि शून्य आता वर आहे. वरची मर्यादा सर्वांत मोठ्या पावसाच्या दुप्पट ठेवा, म्हणजे स्तंभ अर्ध्यावर थांबतात आणि रेघेवर पडत नाहीत.

साठ्याच्या रेघेत नोंद नसेल तर एनएएन लिहा. तिथे रेघ तुटते. 'सेट डेटाफाइल मिसिंग' लावून एखादं चिन्ह दिलंत तर तो बिंदू वगळला जातो, पण आजूबाजूचे बिंदू जोडले जातात. हा फरक ५.४ मध्ये पक्का आहे. साठ्यात एक दिवस जोडला तर फारसं बिघडत नाही. पुराच्या आठवड्यात मात्र तुटलेली रेघच हवी.

आता उजनी धरण. तिथला साठा उपयुक्त टक्केवारीत देतात आणि उन्हाळ्यात तो अनेकदा वजा होतो, कारण मृतसाठाच (टक्केवारीत न धरलेलं तळाचं पाणी) सुमारे ६३ टीएमसी आहे आणि पाणी त्यात उतरतं. वायरेंज [०:*] ठेवून उजनी काढली तर साठा वजा होताच रेघ गायब होते आणि धरण कोरडं पडल्यासारखं वाटतं. तिथे [-६०:११०] ठेवा आणि शून्याची रेघ ठळक दाखवा: सेट एक्सझीरोअ‍ॅक्सिस एलटी -१ एलडब्ल्यू २.

---

रांगोळी

उत्तराताई, करड्या पट्ट्याची कल्पना छान आहे. छपाईच्या दृष्टीने थोडी भर.

पुस्तिकेत किंवा अहवालात जाणार असेल तर पीएनजी नको, पीडीएफकैरो घ्या: सेट टर्मिनल पीडीएफकैरो साइज १६सेंमी,९सेंमी फॉन्ट "नोटो सान्स देवनागरी,१०". (सेंटीमीटरचं रोमन लघुरूप आकड्याला चिकटून.) रेघा कितीही मोठ्या केल्या तरी फाटत नाहीत. छापखान्याने पीएनजीच मागितलं तर ३०० डीपीआयला १६ सेंमीसाठी सुमारे १८९० बिंदू रुंदी लागते. रुंदी वाढवली की अक्षरं तुलनेने बारीक होतात. त्याला फॉन्टस्केल २ जोडा, रेघांना लाइनविड्थ २.

एसव्हीजी संकेतस्थळावर टाकायला बरं, पण त्यात फॉन्ट सोबत जात नाही. वाचणाऱ्याकडे तो नसेल तर दुसरा लागतो आणि मथळा चौकटीबाहेर जाऊ शकतो.

रंगांसाठी एकच ओळ: सेट कलरसीक्वेन्स पोडो. रंगांधळ्या वाचकांनाही वेगळे ओळखू येतील असे आठ रंग मिळतात. झेरॉक्स निघणार असेल तर रंगावर विसंबू नका. सेट मोनोक्रोम करा आणि डीटी १, २, ३ ने रेघा वेगळ्या ठेवा.

फाइलच्या नावात किंवा रकान्याच्या मथळ्यात अधोरेखा असेल तर ती सूचीत (कुठली रेघ कशाची ते सांगणाऱ्या) पुढचं अक्षर खाली उतरवते. 'पाऊस_२०२४' मधला २ तळाशी बारीक दिसतो. 'नोएन्हान्स्ड' हा शब्द टायटलच्या पुढे लिहिला की थांबतं.

महिन्यांची मराठी नावं हवी असतील तर लोकेलच्या (संगणकाच्या भाषेच्या सेटिंगच्या) मागे लागू नका, हातानेच लिहा. चारच आहेत:

सेट एक्सटिक्स ("जून" "०१-०६-२०२४", "जुलै" "०१-०७-२०२४", "ऑगस्ट" "०१-०८-२०२४", "सप्टेंबर" "०१-०९-२०२४")

---

पर्जन्यनोंद

सर्वांचे मनापासून आभार. सेकंदकाटांचं सूत्र आणि उत्तराताईंचा पट्टा दोन्ही घालून स्क्रिप्ट नीट चालली. दोन प्रश्न.

एक, १ जूनपासूनचा एकूण पाऊस त्याच चित्रात रेघेने हवा. मी स=० ठेवून (स=स+$२) लिहिलं, पण पहिल्या एनएएननंतर रेघच नाही. आणि एनएएन नसलेल्या फाइलवर रीप्लॉट केलं (आलेख पुन्हा काढला) की रेघ शून्याऐवजी आधीच्या एकूण बेरजेपासून सुरू होते.

दोन, जुन्या वह्या मराठी अंकांत टंकलेल्या आहेत. त्या फाइल ग्नूप्लॉट वाचत नाही.

---

काळीखिडकी

दुसरं आधी. ग्नूप्लॉटला देवनागरी अंक संख्या म्हणून कळत नाहीत. लिनक्सवर किंवा मॅकवर सेड या मजकूर बदलणाऱ्या प्रोग्रामची वाय आज्ञा एका फटक्यात बदलते. तिचा साचा असा, सुरुवातीला छोटा वाय:

/०१२३४५६७८९/0123456789/

दोन्ही बाजूंना दहाच चिन्हं हवीत. 'स्ट्रिंग्ज फॉर वाय कमांड आर डिफरंट लेंग्थ्स' असं उत्तर आलं तर मोजणी चुकलेली नसून लोकेल चुकलेलं असतं. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी अंक तीन बाइटचा आहे, आणि 'सी' लोकेलमध्ये सेड बाइट मोजतं, म्हणजे एकीकडे तीस आणि दुसरीकडे दहा. एलसी_ऑल यूटीएफ-८ वर ठेवून पुन्हा चालवा. नवी फाइल वेगळ्या नावाने काढा, मूळ वही तशीच राहू द्या.

वहीत '१,२५०' सारखे स्वल्पविराम असतील तर तेही काढा. नाहीतर एका संख्येचे दोन रकाने होतात आणि पुढचं सगळं सरकतं.

---

सेकंदकाटा

एकूण पावसाबद्दल. एनएएनमध्ये काहीही मिळवलं की एनएएनच येतं, आणि तेच 'स' मध्ये साठतं. पुढच्या सगळ्या बेरजा गेल्या. व्हॅलिडने रकान्यात खरी संख्या आहे का ते तपासून मिळवा:

प्लॉट स=०, "पाऊस.सीएसव्ही" स्किप १ युझिंग (टाइमकॉलम(१)+३०६००):(स = व्हॅलिड(२) ? स+$२ : स) अ‍ॅक्सेस एक्स१वाय२ विथ स्टेप्स एलडब्ल्यू २ टायटल "एकूण"

'स=०' प्लॉटच्या आतच लिहिलंय, म्हणून रीप्लॉट केलं की दर वेळी शून्यापासून सुरू होतं. बाहेर लिहिलं की 'स' जुनी बेरीज धरून बसतो. तुमची रेघ वरून सुरू झाली ती त्यामुळे.

इथे ३०६०० च मिळवलंय, मागे सरकवलं नाही. एकूण आकडा वाचनाच्या क्षणीच पूर्ण होतो. विथ लाइन्स ऐवजी विथ स्टेप्स घेतल्याने दोन वाचनांमधला तिरका उतार येत नाही. दोन दिवसांचं एकत्र वाचन इथे पूर्ण $२ ने मिळवायचं, भागायचं नाही.

आणि एनएएनचे दिवस असतील तर ही बेरीज कमीत कमी इतकी, एवढंच खरं. सूचीत तसं लिहा: "एकूण (३ दिवसांच्या नोंदी नाहीत)".

वर्षावर वर्ष ठेवून तुलना करायची असेल तर आडव्या अक्षावर तारीख नको, १ जूनपासूनचे दिवस घ्या. टीएम_वायडे (वर्षातला कितवा दिवस) वापरला तर लीप वर्षात फेब्रुवारीनंतर सगळं एक दिवस सरकतं. त्याऐवजी त्या वर्षाचा १ जून वजा करा. आधी 'सेट एक्सडेटा' ने काळाचा अक्ष काढा आणि एक्सरेंज [०:१२२] करा, मग:

प्लॉट फॉर [व=२०२०:२०२४] स=० "पाऊस-".व.".सीएसव्ही" स्किप १ युझिंग ((टाइमकॉलम(१,"%डी-%एम-%वाय")-एसटीआरपीटाइम("%डी-%एम-%वाय","०१-०६-".व))/८६४००):(स = व्हॅलिड(२) ? स+$२ : स) विथ स्टेप्स टायटल "".व

---

उत्तरा_नक्षत्र

'फॉर' नंतर 'स=०' आणि मग फाइलचं नाव, मध्ये स्वल्पविराम नाही, हे बरोबर आहे. तिथे स्वल्पविराम टाकला तरी चालतं, कारण 'स=०' पुढच्या फाइलशीच जोडलं जातं आणि पुनरावृत्ती तुटत नाही.

एक सूचना कळकळीने. कुणी 'स्मूथ सीस्प्लाइन्स' लावून पाऊस गोलाकार रेघेत काढू नये. दोन कोरड्या दिवसांमध्ये मोठा पाऊस असला की ती रेघ शून्याखाली जाते. स्मूथ बेझिए शून्याखाली जात नाही, पण बिंदूंतूनही जात नाही, शिखर खाली ओढतं. रोजचा पाऊस तुटक असतो, तो स्तंभातच राहू द्या.

---

दलघमी

शिखरांचा विषय निघाला म्हणून. २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी आणि कुलाब्याला ७३ मिमी नोंदले गेले. दोन केंद्रं एकाच अक्षावर ठेवली की कुलाबा जमिनीला चिकटतो आणि उरलेला हंगाम तर दिसतच नाही. अशा वेळी काही जण 'सेट लॉगस्केल वाय' करतात. ते इथे चालत नाही. लॉग अक्षावर शून्य नसतं, म्हणजे कोरडे दिवस मांडताच येत नाहीत, आणि स्तंभाची उंची पावसाच्या प्रमाणात राहत नाही.

दोन आलेख एकाखाली एक ठेवा:

सेट मल्टिप्लॉट लेआउट २,१
सेट एलमार्जिन अ‍ॅट स्क्रीन ०.१०
सेट आरमार्जिन अ‍ॅट स्क्रीन ०.९५
सेट वायरेंज [०:१०००]
(सांताक्रूझचा प्लॉट)
सेट वायरेंज [०:१०००]
(कुलाब्याचा प्लॉट)
अनसेट मल्टिप्लॉट

दोन्हींचा उभा अक्ष मुद्दाम सारखाच ठेवलाय. एकाच शहरातल्या दोन ठिकाणांतला तो फरक हाच या चित्राचा विषय आहे. हंगामातले बाकीचे दिवस दाखवायचे असतील तर तिसरं चित्र काढा, [०:२५०] चं. त्यात ९४४ चा स्तंभ वर कापला जाईल, म्हणून त्याच्या टोकाशी आकडा लिहा: सेट लेबल "९४४" अ‍ॅट "२६-०७-२००५",२४० सेंटर. एलमार्जिन आणि आरमार्जिन पक्के केले नाहीत तर अक्षावरच्या आकड्यांच्या रुंदीप्रमाणे चौकटी पुढेमागे होतात आणि वरचा २६ जुलै खालच्या २६ जुलैवर येत नाही.

---

सेकंदकाटा

दलघमी, एक दुरुस्ती. ते वाचन २७ च्या सकाळी साडेआठचं आहे, त्यामुळे फाइलमध्ये '२७-०७-२००५' असेल. सूत्राने स्तंभाचा मध्य २६ च्या रात्री साडेआठला जातो. लेबल '२६-०७-२००५' दिलं तर ते २६ च्या मध्यरात्री, स्तंभाच्या डाव्या कडेच्याही बाहेर पडेल. अ‍ॅट मध्ये "२७-०७-२००५" देऊन ऑफसेट -१,० असं थोडं डावीकडे सरकवा. टाइमएफएमटीत तास-मिनिटं नसल्यामुळे लेबलला थेट २०:३० देता येत नाही.

---

दलघमी

बरोबर, २७ च हवं. धन्यवाद. वरच्या आज्ञेत ते बदलून वाचावं.

---

पर्जन्यनोंद

सगळं जोडून पाच वर्षांचा आलेख निघाला. कुणाची स्क्रिप्ट अडली तर इथे विचारताना आकड्यांची फाइल वेगळी जोडू नका. आज्ञांच्या वरच दहा ओळी अशा चिकटवा:

$पाऊस << ईओडी
०१-०६-२०२४,०,१
०३-०६-२०२४,एनएएन,१
०५-०६-२०२४,४६,२
ईओडी

आणि प्लॉटमध्ये फाइलच्या नावाऐवजी अवतरणाशिवाय $पाऊस लिहा. यात मथळ्याची ओळ नाही, म्हणून स्किप १ काढा, नाहीतर १ जून गळतो. ग्नूप्लॉटची आवृत्ती आणि टर्मिनलचं नावही सोबत द्या.